हौसेला मोल नसतं

आमच्या भागात काम न करणाऱ्या माणसाला नावं पुष्कळ आहेत. रिकामटेकडा, उनाड, उंडगा, ऐतखाऊ. काम करणाऱ्याला कष्टाळू म्हटलं की संपलं. पण जो माणूस पहाटे उठतो, घाम गाळतो, आणि एवढं करून त्यातून काही पिकत नाही, विकलं जात नाही, पगार मिळत नाही, त्याला काय म्हणायचं? त्याला आपण हौशी म्हणतो. म्हणताना गालात हसतो.

या हौसेबद्दल एक म्हण आहे, हौसेला मोल नसतं. ही म्हण मी आयुष्यभर दोन अर्थांनी ऐकत आलोय. लग्नात बापानं ऐपतीबाहेर मांडव घातला की पाहुणे म्हणतात, "जाऊ द्या, हौसेला मोल नसतं." म्हणजे हौसेपुढं पैशाकडं बघायचं नसतं. तीच म्हण एखाद्या पोरानं कामधंदा सोडून बाजाची पेटी धरली की त्याचा चुलता वापरतो. तेव्हा तिचा अर्थ होतो, हौसेला बाजारात कोणी विचारत नाही, ती फुकाची. एकच वाक्य हौसेला एकदा पैशाच्या वर नेऊन बसवतं आणि एकदा उकिरड्यावर टाकतं. दोन्हीतलं खरं कोणतं, एवढाच प्रश्न इथं तपासून बघायचाय.

निमित्त झालं माझा धाकटा मुलगा आणि सूनबाई यांचा गेल्या वर्षीचा उन्हाळा.

दोघं पुण्याला नोकरीत. तो चाकणकडं एका कारखान्यात, ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये. लग्नाला चार वर्षं झाली. साठवलेल्या रजा, त्याला जोडून थोडी बिनपगारी, शनिवार-रविवार मिळवून एप्रिलपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांनी बराच वेळ मोकळा काढला. त्यातला निम्मा इथं वस्तीवर घालवला. आणि केलं काय? पळाले. रोज पहाटे, आधी चार किलोमीटर, मग सहा, मग दहा. त्यानं एक बासरी घेतली आणि दोन महिने फुंकून तिच्यातून एक सूर धड काढला. तिनं दुर्बीण गळ्यात अडकवून माळावरचे पक्षी बघितले आणि वहीत लिहिले, छत्तीस झाले. मित्रमंडळी बोलावली. मोटारसायकलवर कोकणात जाऊन आले. उन्हाळा संपला तेव्हा हातात दाखवायला काय होतं? एक वही, एक बासरी, झिजलेल्या बुटांचे दोन जोड.

आमच्याकडं उन्हाळा म्हणजे नांगरट, ढेकळं फोडणं, शेणखत पसरणं, बांध घालणं, लग्नाच्या तिथी, आणि डोळे आभाळाकडं. पुढच्या वर्षाची सगळी उस्तवार याच तीन महिन्यांत. त्या दिवसांत दोन धडधाकट माणसं कारणाशिवाय पळताना दिसली तर गाव विचारणारच. पारावर मला विचारलं, "तात्या, सूनबाई पळती ती कशापायी? डॉक्टरनं सांगितलंय का?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरनं सांगितलं असतं तर कोणाला काही वाटलं नसतं. साखर झालेला माणूस सकाळी चालायला निघाला की गाव त्याला रस्ता देतं. बरा माणूस पळाला की गाव थांबून बघतं. म्हणजे अडचण पळण्याची नाही. अडचण आहे ती कारण नसण्याची.

ते दोघं ज्या रस्त्यानं पळत, तो रस्ता दुष्काळी कामावरचा आहे. १९७२ सालचा. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई-वडील दोघंही त्या कामावर होते, मुरूम उचलायला आणि खडी फोडायला. रेशनला लाल मिलो मिळायची, कामावर पोरांना सुकडी. संध्याकाळी मोजणारा माणूस यायचा आणि खडीच्या ढिगाला माप लावायचा. माप भरलं तर पैसे. आईच्या हातावर खडीचे व्रण पडले होते ते शेवटपर्यंत गेले नाहीत. त्या कामांतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली, आणि राज्याला त्याचा अभिमान आहे. असावाच. पण त्या रस्त्यावर सांडलेला घाम मापून घेतलेला होता.

आता त्याच रस्त्यावर सूनबाईच्या मनगटावरचं घड्याळ तिचं अंतर मोजतं, छातीचे ठोके मोजतं. तिचाही घाम मापला जातो, पण माप ती स्वतःच लावते आणि माप भरलं नाही तरी संध्याकाळी भाकरी मिळते. माझ्या एका भाऊबंदानं म्हटलं, "आपल्या म्हातारीनं जिथं दगडं फोडली तिथं ही हौशेनं पळती, ही थट्टा झाली." बोलणं टाकून देण्यासारखं नाही. कष्टाची आठवण असलेल्या माणसाला हौशीचा घाम टोचतो. जो घाम आपण पोटासाठी विकला, तो कोणी फुकट सांडताना बघितला की आपलाच माल मातीमोल झाल्यासारखं वाटतं.

पण मी दुसऱ्या बाजूनंही विचार करतो. आईनं खडी फोडली ती कशासाठी? तिच्या नातसुनेनंही खडी फोडावी म्हणून तर नाही. रस्ता झाला की त्यावरून गाडी जाईल, पोरं शाळेत जातील, हे तिला दिसत होतं. कोणी नुसतं पळेल हे तिला दिसलं नसेल. तरी रस्ता बांधणाऱ्यानं त्यावरून कोणी कशासाठी जावं याची अट घातलेली नसते. आईला विचारता आलं असतं तर ती म्हणाली असती, "पळू दे, पर पदर नीट घे." पदर नाही म्हटल्यावर थोडी कुरकुरली असती, आणि गप्प बसली असती.

त्याच रस्त्यावर पहाटे आणखी एक जण पळतो. आमच्या खालच्या आळीचा मुलगा, भरतीची तयारी करणारा. पोलीस भरतीला पोरांना सोळाशे मीटर असतं, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळा. तो तीन वर्षं पळतोय. आमच्या तालुक्यात पळण्याला मान आहे, तो असा. मोहीची ललिता बाबर आमच्याच माण तालुक्यातली. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्याच्या शर्यतीत अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. तिकडं बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला कोसभर पायी जाता-येता तयार झाला, फौजेत गेला आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत सुवर्णपदक घेतलं. दोघंही दुष्काळी पट्ट्यातले. आमच्या पोरांना पळणं म्हणजे या पट्ट्यातून बाहेर पडायची वाट वाटते. त्यात चूक काही नाही.

त्या मुलानं एका पहाटे सूनबाईला विचारलं, "वहिनी, तुम्ही कशाची तयारी करताय?"

ती म्हणाली, "कशाची नाही. असंच."

त्याला ते पटेना. तो म्हणाला, "असंच कोण पळतंय?" ती म्हणाली, "उद्या आमच्याबरोबर ये. हळू पळू, गप्पा मारत."

तेव्हा तो जे बोलला ते तिनं घरी येऊन मला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, मला हळू पळणं परवडत नाही."

हे वाक्य मी अनेक दिवस डोक्यात घोळवलं. पळण्याला पैसे पडत नाहीत. हळू पळण्याला तर आणखीच कमी, बूटसुद्धा कमी झिजतात. तरी ते परवडत नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या प्रत्येक पावलावर घरच्यांची नजर आहे, बहिणीच्या लग्नाचा हिशेब आहे, वयाची अट आहे. त्याचं पळणं आधीच गहाण पडलंय. दोघांचे पाय सारखे, रस्ता सारखा, पहाटही एकच. फरक एवढाच, की एकाच्या पळण्यावर कोणाचं देणं नाही आणि दुसऱ्याच्या पळण्यावर सगळ्या घराचं देणं आहे. हौस म्हणजे काय, हे मला तिथं कळल्यासारखं झालं. आयुष्यातला जो तुकडा कोणाचं देणं लागत नाही, तो हौसेचा. कष्टही त्यात असतात, कधी पोटाच्या कामापेक्षा जास्त. पण त्याचा जबाब कोणाला द्यावा लागत नाही.

आता कोणी म्हणेल, हे शहरी पोरांचे चोचले, खेड्यात असलं कधी नव्हतं. मी म्हणतो, होतं आणि आहे. माऊलींची पालखी आळंदीहून निघते, लोणंद, तरडगाव, फलटण करत आमच्या जिल्ह्यातून जाते. पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. पेरणी झालेली असो वा नसो, माणसं निघतात. वेळापूरला धावा होतो, तेव्हा साठी-सत्तरीची माणसं उतारावरून पळत सुटतात. पुढं बक्षीस नाही, मागं मुकादम नाही. त्या पळण्यात जो आनंद चेहऱ्यावर असतो तो मी बघितलेला आहे. पण त्याला देवाचं नाव आहे, म्हणून कोणी कारण विचारत नाही.

आणि नाद? आमच्या पश्चिम महाराष्ट्रात हौसेचा थोरला भाऊ म्हणजे नाद. बैलगाडा शर्यतीच्या बैलाला खुराक किती जातो हे त्याच्या मालकाच्या बायकोला विचारा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. पुढं डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात ती कायम झाली. मधल्या सात वर्षांत शेतकरी या नादासाठी रस्त्यावर उतरले, मोर्चे काढले. हमीभावासाठी जेवढी माणसं जमत नाहीत तेवढी जमलेली मी बघितली. त्या वेळी कोणी विचारलं नाही की यातून पिकतं काय. लग्नात बँड, डीजे, जेवणावळी, फटाके, यात दोन एकर जमीन उडाली तरी गाव शाबासकी देतं.

मुलाला मी त्यांच्या सगळ्या उन्हाळ्याचा खर्च विचारला. त्याच्याकडं लिहिलेला होता. पेट्रोल, मुक्काम, खाणं, बासरी, दुर्बीण धरून पंचवीस हजारांच्या आत. डाळिंबाच्या एका बहाराला औषधाला याहून जास्त जातात. तरी पारावरचे म्हणाले, "तेवढ्यात ठिबकच्या नळ्या आल्या असत्या." आल्या असत्या. मग लग्नात उडालेल्या पैशात विहिरी आल्या असत्या, ते का कोणी म्हणत नाही? म्हणून माझं म्हणणं असं, की गावाला हौसेचं वावडं नाही. हौसेवर काहीतरी पांघरूण लागतं, देवाचं, जातीकुळाच्या मानाचं, नाहीतर औषधाचं. उघडी हौस गावाला बघवत नाही.

शिकलेली माणसं हौसेवर आणखी एक पांघरूण घालतात. मुलाच्या कंपनीत साहेब म्हणाले म्हणे, सुट्टी घ्या, ताजेतवाने होऊन या, काम चांगलं होईल. मुलानं मला तेच सांगितलं आणि वर म्हणाला, "आण्णा, तुम्ही जमीन पड ठेवता तसंच." मला ते पटलं नाही. जमीन पड ठेवतो ती पुढच्या पिकासाठी. पड असली तरी ती कामावरच असते. पेरणीआधी बैलाला चार दिवस पेंड जास्त घालतो, ती काय बैलाच्या हौसेला घालतो? सुट्टी जर उद्याच्या कामासाठी असेल तर ती सुट्टी साहेबाची झाली, तुझी कुठली? मी त्याला म्हटलं, "तुला पळावंसं वाटलं म्हणून पळालास, एवढंच सांग. ते पुरेसं हाय." तो हसला. पण त्यालासुद्धा तसं सांगायला जड गेलं. कारण न देता जगायला धीर लागतो, तो आम्हा कोणालाच लहानपणी शिकवलेला नाही.

इथपर्यंत माझं मत हौसेच्या बाजूनं. पण गोष्ट इथं संपत नाही. आता त्यांच्या प्रवासाबद्दल सांगतो, कारण दुसरी बाजू तिथं निघाली.

शेतकरी प्रवास करतो तो कामाचा. बाजार, दवाखाना, कोर्ट, लग्न, माती. नुसतं बघायला जाणं म्हणजे जत्रा, तीही वर्षातून एकदा. हे दोघं कराडवरून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरले, चिपळूणहून गुहागरला गेले. धोपाव्याला मोटारसायकल फेरीबोटीवर चढवली आणि दाभोळला उतरले. पुढं वेसवीहून बागमांडल्याला तशीच दुसरी खाडी ओलांडली आणि ताम्हिणी घाटानं पुण्याला आले. मी रात्री फोन केला की सवयीनं विचारायचो, "आज काय काम झालं?" तो म्हणायचा, "काही नाही, खाडी बघितली."

गुहागरच्या बाजूला ज्या घरी ते उतरले होते, तिथली बाई पहाटेपासून राबत होती. मे महिना, आंब्याची घाई, त्यात पाहुण्यांचा हंगाम. घावणे, मासे, सोलकढी, पुन्हा रात्रीचं जेवण. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. सूनबाईनं तिला विचारलं, "काकू, तुम्ही समुद्रावर कधी जाता?" ती म्हणाली, "गणपती बोळवायला."

आमच्या पोरांनी पैसे दिले, तिला मिळाले, तिचं घर त्यावर चालतं. पोरं गेलीच नसती तर तिचं नुकसानच होतं. हा सगळा हिशेब बरोबर. तरी लांबून माणसं तिच्या दारातला समुद्र बघून जातात आणि ती वर्षातून एकदा जाते, हे वाक्य सूनबाईला तिथं सोडून येता आलं नाही. ते तिनं घरापर्यंत आणलं, आणि घरी त्याची गाठ पडली.

कोकणातून आल्यावर मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे सहा मित्र-मैत्रिणी वस्तीवर आले. चार दिवस राहिले. माळवदावर झोपायचे, पहाटे पळायचे, दिवसा विहिरीवर, रात्री गप्पा. चांगली पोरं, दारू नाही, दंगा नाही. पण दहा-बारा माणसांच्या भाकरी पडत होत्या कोणाच्या अंगावर? आमच्या मंडळीच्या. तिला आनंद होता, खोटं सांगत नाही. घर भरलं की ती फुलते. पण चूल पेटायची पहाटे पाचला आणि विझायची रात्री दहाला.

तिसऱ्या दिवशी सूनबाईनं तिला हाताला धरून उठवलं. म्हणाली, "आत्या, आज तुम्ही बाहेर बसा. भाकरी पोरं थापतील." पोरांनी थापल्या. एक भाकरी कोयनेच्या जलाशयासारखी लांबट, एक अर्धी कच्ची. सगळ्यांनी हसत खाल्ल्या. मंडळी ओसरीवर बसली होती. अर्धा तास गेला, आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, "अहो, माझ्या हातात काय तरी द्या. मला असं बसवंना." शेंगा द्या फोडायला, लसूण द्या सोलायला. रिकामे हात मांडीवर घेऊन बसायची तिला सवयच नव्हती. हौससुद्धा वापरली नाही तर गंजते. तिची हौस मेली होती असं मी म्हणणार नाही, पण ती कुठं ठेवली आहे हे तिचं तिलाच आठवत नव्हतं.

बाईमाणसाला आमच्याकडं हौस विचारतात ती एकदाच, पोटुशी असताना. डोहाळे काय लागले, काय खावंसं वाटतं, हिरवी साडी, फुलांची वाडी. तीही खरी तर पोटातल्या जिवाची विचारपूस. सूनबाईला पोरबाळ नाही, यावर गिरणीत एकीनं टोमणा मारला होता, "पळून पळून पोटी काय राहणार?" तेव्हा मंडळीनं तिला तिथंच ऐकवलं, "ती पळती म्हणून तुझ्या दळणाला उशीर झाला काय गं?" पण स्वतःसाठी काय हवं, हे सांगायला तिला त्या संध्याकाळपर्यंत वेळ लागला. सूनबाई सोडेचना. शेवटी म्हणाली, "मला पोहायला यायचं."

तिचं माहेर नीरेच्या काठचं. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून ती विहिरीत पोहायला शिकली होती. लग्न झालं आणि ते सुटलं. मला ते माहीत होतं, पण तिनं कधी विषय काढला नाही. उरमोडीचं पाणी आमच्या भागात आल्यापासून आवर्तन सुटलं की आमच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाझर असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या दोघी आणि मैत्रिणी विहिरीवर गेल्या. पुरुषांना मनाई होती, म्हणून आत काय झालं ते मी सांगू शकत नाही. ओल्या केसांनी परत आली आणि चुलीपुढं बसली. मी विचारलं, "कसं काय?" म्हणाली, "पाणी गार हाय."

लहानपणी आमच्याकडं सोमवारी औत धरत नसत. महादेवाचा वार, नंदीला विसावा. पेरणीची कितीही घाई असली तरी तो मोडला जात नसे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. ती कोणी हौसेनं दिली नाही, मागून घ्यावी लागली. आज माझा मुलगा शनिवार-रविवार धरून रजा जोडतो, त्यातला रविवार लोखंड्यांनी मिळवलेला आहे. बैलाला सोमवार मिळाला, गिरणी कामगाराला रविवार मिळाला. चुलीपुढच्या बाईला कोणता वार?

म्हणून मला वाटतं, आपण हौसेबद्दल चुकीचा प्रश्न विचारतो. ही गोष्ट पाण्याच्या पाळीसारखी आहे. आमची विहीर चार भावकीत आहे. आठवड्याच्या पाळ्या ठरलेल्या. माझ्या पाळीत मी पाणी कांद्याला दिलं, डाळिंबाला दिलं, की दारातल्या मोगऱ्याला दिलं, हे दुसरा वाटेकरी विचारत नाही. विचारायचं नसतं. तो विचारतो एवढंच, की माझी पाळी मला मिळाली का. भांडणं होतात ती पाळी बुडाली म्हणून. मोगरा लावला म्हणून आजवर कोणी कोर्टात गेलेलं मला माहीत नाही.

हौसेचंही तसंच धरलं पाहिजे. कोणी पळो, बासरी वाजवो, पक्षी मोजो, खाडी बघत बसो, त्यातून काय पिकलं हे विचारू नये. ती त्याची पाळी आहे. पण विहीर एकच आहे, हे विसरू नये. आपल्या पाळीत कोणाची पाळी वाहून तर गेली नाही, हे ज्याचं त्यानं बघावं. पोरांनी तिसऱ्या दिवशी भाकरी थापल्या, तेव्हा ते बघितलं. पहिल्या दोन दिवसांत बघितलं नव्हतं. आणि भाऊबंद जेव्हा म्हणतो की आमची म्हातारी राबली म्हणून तुम्हीही पळू नका, तेव्हा तो शेजाऱ्याची पाळी बंद पाडतो. शेजाऱ्याची मोटार बंद केली म्हणून आपल्या दांडाला पाणी येत नाही.

म्हणीचे दोन अर्थ सांगितले होते. आता माझं उत्तर असं, की दोन्ही अपुरे आहेत. हौसेला बाजारभाव नाही, हे खरंच, कारण ती विकायची वस्तू नाही. पण ती फुकटही नसते. कोणीतरी चूल सांभाळतं, कोणी फेरीबोटीचा दोर टाकतं, कोणी पन्नास वर्षांपूर्वी रस्त्याची खडी फोडलेली असते. ते मोल पैशानं फिटत नाही. त्यांची पाळी आली की आपण मोट धरायची, असंच ते फिटतं.

ही पोरं जूनमध्ये पुण्याला गेली. पेरणी वेळेवर झाली. आता सोमवारी सकाळची धार मी काढतो, चहा मी करतो, आणि मंडळी विहिरीवर जाते. आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी तिच्याबरोबर जाऊ लागल्यात. त्यातल्या एकीला पोहता येत नाही, ती काठावर बसून पाय बुडवते. खालच्या आळीचा मुलगा अजून पळतोय, घड्याळ लावून, दात आवळून. त्याचं पुढच्या भरतीचं मैदान लागायचं आहे. ते व्हावं असं सगळ्या गावाला वाटतं, मलाही वाटतं. पण गावात कोणालाही हळू पळणं परवडावं, भरती होवो वा न होवो, एवढं झालं तर त्या दुष्काळी रस्त्याचं काम पुरं झालं असं मी समजेन.